मामा, आकडा सांगा!

माझ्या भाच्यानं गाडी घेतली तेव्हा ती उत्तम चालत होती, आणि खरी अडचण तिथेच झाली. बिघडलेली गाडी गॅरेजात जाते, चार दिवस तिथे लोळते, बिल होतं, विषय संपतो. धडधाकट गाडीवर मात्र औषध नाही. तिच्यात काहीतरी बिघडत असेल, बिघडायच्या बेतात असेल किंवा आपल्याला न सांगता बिघडूनही गेलं असेल, ही काळजी कुठल्याच गॅरेजात काढून मिळत नाही.

भाचा भिवंडीच्या गोदामांच्या पट्ट्यात नोकरीला आहे. कुठलं खोकं कुठून निघालं, कुठे अडकलं, कुठे पोचलं, हे तो दिवसभर पडद्यावर बघतो. त्यामुळे जी गोष्ट पडद्यावर दिसत नाही ती हरवली, असं त्याच्या मनानं घेतलंय. एकदा पंगतीत वरण यायला उशीर झाला तर त्यानं वाढप्याला "स्टेटस काय?" असं विचारलं होतं. अशा माणसानं साधी गाडी घ्यावी आणि चाकं फिरतायत यावर समाधान मानावं. यानं घेतली टर्बोवाली. जुनी होती, दिसायला चारचौघींसारखी होती, पण बॉनेटखाली म्हणे वाघ होता. आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर 'द व्हॅली रन' नावाची ड्रॅग शर्यत होते, तिथे एकदा हा वाघ सोडायचा, असं त्याचं स्वप्न. तूर्तास तो आमच्या अंबाडी नाक्यावर दुधाच्या टेम्पोमागे उभा असतो.

गाडी आल्यावर थोड्याच दिवसांत त्यानं ती एका लॅपटॉपवाल्याकडून 'स्टेज वन' करून आणली.

"म्हणजे काय केलं?" मी विचारलं.

"मॅप बदलला, मामा. बूस्ट वाढवला, टायमिंग पुढे घेतलं."

"आणि नवीन काय बसवलं?"

"काहीच नाही. बाहेरून काही दिसतच नाही, तीच तर गंमत आहे."

मग त्यानं पैशांचा आकडा सांगितला. तेवढ्या रकमेत माझ्या बहिणीच्या घराची गच्ची गळायची थांबली असती, आणि ते बाहेरूनही दिसलं असतं. पण एवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. लॅपटॉपवाल्यानं निघताना एक वाक्य टाकलं आणि आमच्या दोन घरांची झोप उडवली. तो म्हणाला, "नॉककडे जरा लक्ष ठेवा."

नॉक म्हणजे काय ते मला भाच्यानं इतक्या वेळा समजावलंय की मी आता झोपेतही सांगू शकतो. सांगतोही, असं आमची ही म्हणते. पेट्रोल इंजिनात ठिणगी पडते आणि हवा-पेट्रोलचं मिश्रण एका बाजूनं शिस्तीत पेटत जातं. पण शेवटच्या कोपऱ्यातलं मिश्रण तोवर दाबलं जाऊन, तापून कावलेलं असतं. ज्योत पोचायची वाट न बघता ते आपलं आपणच भडकतं. एकदम सगळं. त्या दणक्यानं आत दाबाच्या लाटा उठतात, सिलिंडरच्या भिंतींवर आपटतात आणि बाहेर ऐकू येते ती किणकिण. जुन्या प्रीमियर पद्मिनीत बसून कसारा घाट चढलेल्यांनी ती ऐकली असेल. त्या वेळी ड्रायव्हर गाडी बाजूला घ्यायचा, बॉनेट उघडायचा, डिस्ट्रिब्युटर बोटभर मागे फिरवायचा, एक विडी ओढायचा आणि पुढे निघायचा. किणकिणीचं कुणालाच टेन्शन नव्हतं. घाटात ती यायचीच. टर्बोच्या गाडीत मात्र हवा आधीच कोंबून भरलेली असते, वरून ठिणगीचं टायमिंग पुढे घेतलेलं. तिथे नॉक मोठा झाला तर पिस्टनचा माथा कुरतडला जातो, कधीकधी पिस्टन फुटतोसुद्धा. आणि पिस्टनच्या किमतीत गच्चीच काय, बहिणीचं न्हाणीघरही नवं झालं असतं.

आता यातला खरा विनोद असा की गाडी स्वतःच या नॉकवर लक्ष ठेवून असते. इंजिनाच्या ब्लॉकवर एक सेन्सर बोल्टनं घट्ट आवळलेला असतो. त्यात स्फटिक असतो. त्यावर दाब पडला की वीज निघते. आपल्या स्वयंपाकघरातला गॅस लायटर याच तत्त्वावर चालतो. साधारण गाडीत नॉकची किणकिण सहा-सात हजार हर्ट्झच्या आसपास असते. सेन्सरचा संगणक तेवढीच पट्टी ऐकतो, आणि तीही ठिणगी पडल्यानंतरच्या अगदी छोट्या वेळात. म्हणजे व्हॉल्व्हच्या आपटण्यानं त्याची फसगत होत नाही. नॉक ऐकला की तो टायमिंग दोन-तीन अंश मागे घेतो. मग सगळं शांत झालं की दबकत दबकत पुन्हा पुढे सरकवतो, पुन्हा किणकिण झाली की पुन्हा मागे. नॉकच्या काठाकाठानं चालण्यातच ताकद आणि मायलेज असतं, म्हणून तो काठ सोडत नाही. स्वीडनच्या साब कंपनीनं 1980च्या दशकाच्या सुरुवातीला आपल्या टर्बो गाड्यांत हा कान बसवला आणि आज तो साध्यासुध्या गाड्यांतही असतो. तो काम करतो, बोलत नाही, बोनस मागत नाही.

भाच्याला नेमकं हेच सहन होईना. "म्हणजे गाडी आपल्याला न विचारता टायमिंग मागे घेते?"

"चांगलंच आहे की."

"पण किती घेते? केव्हा घेते? आपल्याला कळायला नको?"

मग एक इवलासा डोंगल आला. तो स्टिअरिंगखालच्या खाचेत घुसवायचा, फोनला जोडायचा, की फोनवर आकडे नाचू लागतात. गाडीचा वेग, पाण्याचं तापमान, टायमिंग हे सगळं कुठलीही गाडी सांगते. पण नॉकपायी टायमिंग किती मागे घेतलं, हा आकडा प्रत्येक कंपनीचा स्वतःचा, कुलूपबंद. तो मिळवायला वेगळे पैसे. तेही भरले गेले. उरला एकच प्रश्न: गाडी चालवणाऱ्यानं रस्त्याकडे बघायचं, तर फोनकडे कुणी बघायचं? गणिताचा निवृत्त शिक्षक, अंबाडीतच राहणारा, पहाटे पाचलाच उठून बसलेला आणि नाही म्हणता न येणारा माणूस शोधायला त्याला फार लांब जावं लागलं नाही. मामा बनवणे हा वाक्प्रचार मी शाळेत अनेकदा वाक्यात उपयोग करून शिकवला होता. आता उपयोग माझा झाला.

रविवारी भल्या पहाटे आमची मोहीम भिवंडी-वाडा रस्त्यावर निघू लागली. लॅपटॉपवाल्याला हवा होता एक स्वच्छ 'पुल': तिसऱ्या गिअरमध्ये दोन हजार आरपीएमपासून सहा हजारांपर्यंत, एका दमात, मध्ये पाय न उचलता. हा माणूस आमच्या बाजूला कधी आलेला नसावा. आमच्या रस्त्यावर एका दमात काही करायची सोय नाही. अडीच हजारांवर खड्डा येतो. तीन हजारांवर गतिरोधक. साडेतीनवर कंटेनर, आणि त्या कंटेनरला ओव्हरटेक करणारा दुसरा कंटेनर. त्यापुढे एकदा म्हैस आली होती. तिनं आमच्याकडे असं पाहिलं की भाच्यानं आपोआप टायमिंग मागे घेतलं.

"मामा, आकडा सांगा!"

"कुठला?"

"नॉकचा! लाल!"

"लाल दोन आहेत."

"वरचा!"

"वरचा उणे दोन... नाही, पॉइंट आहे मध्ये... थांब, फोन सीटखाली गेला."

"मामा!"

"आला, आला. आता इथे 'आई' असं लिहून आलंय."

बहिणीचा फोन होता. चहाला येताय की नाही एवढंच तिला विचारायचं होतं. त्या पुलाची नोंद आमच्या वहीत 'व्यत्यय: ताई' अशी आहे.

बऱ्याच गाड्यांच्या संगणकात आणखी एक सोय असते, तिचं मला फार कौतुक वाटतं. इंजिन मिसफायर होतंय का हे तो क्रँकच्या वेगातल्या बारीक चढउतारावरून ओळखतो. पण रस्ता खडबडीत असला की धक्क्यांनीच तो वेग हलतो आणि हिशेब चुकतो. म्हणून चाकांवरच्या सेन्सरकडून 'रस्ता खराब आहे' अशी खबर आली, की तो मिसफायर मोजण्याचं काम तात्पुरतं थांबवतो. परदेशात बसून ज्या इंजिनिअरानं हे लिहिलं, त्याच्या मनात 'तात्पुरतं' म्हणजे एखादा रेल्वे फाटकाचा सांधा असेल. आमच्याकडे संगणक ही रजा अंबाडीपासून वाड्यापर्यंत अखंड उपभोगतो आणि येताना पुन्हा भरतो.

मग पेट्रोलाचा अध्याय सुरू झाला. उणे दोन अंशांचं खापर आधी पेट्रोलावर फुटलं. पेट्रोल नॉकला किती दाद देत नाही त्याचं माप म्हणजे ऑक्टेन. आयसोऑक्टेन नावाच्या सज्जन द्रवाला 100 गुण, हेप्टेन नावाच्या उनाड द्रवाला 0, आणि आपलं पेट्रोल या दोघांच्या कुठल्या मिश्रणासारखं वागतं तो त्याचा नंबर. शंभर मार्कांचं पेट्रोल आपल्याकडे डिसेंबर 2020 मध्ये इंडियन ऑइलनं आणलं. सुरुवातीच्या दहा शहरांत मुंबई-पुणे होती. अंबाडी नव्हती. भाचा मग त्या पेट्रोलासाठी थेट शहरात जाऊ लागला. इथून निघायचं, माणकोलीच्या गर्दीत तासभर इंजिन चालू ठेवून बसायचं, टाकी भरायची आणि त्याच गर्दीतून परत यायचं. घरी पोचेपर्यंत टाकीचा काटा बघण्यासारखा खाली आलेला असे. पण आत जे उरलं ते शंभर नंबरी, यात त्याला आनंद.

याच सुमारास सांगलीकडचे पाहुणे आले. ते साखर कारखान्याचे सभासद. पेट्रोलात वीस टक्के इथेनॉल घालतात आणि इथेनॉलचा ऑक्टेन शंभराच्याही वर असतो, हे भाच्यानं सांगितल्यावर ते सोफ्यावर एकदम ताठ बसले. "म्हणजे तुझ्या गाडीचा नॉक आमच्या उसानं थांबतोय म्हण की!"

"हो, एका अर्थी."

"बघा! आणि लोक म्हणतात शेतकरी काय करतो!" पुढे अर्धा तास त्यांनी ऊस, एफआरपी आणि नॉक यांचा संबंध आम्हाला समजावला. जेवणानंतर बडीशेप चघळताना ते हळूच माझ्याकडे वळले. "पण मास्तर, ह्या इथेनॉलानं माझ्या मोटारसायकलचं ॲव्हरेज पार बसलंय. काय घालत्यात कुणास ठाऊक."

एका किणकिणीपायी माणसं कुठवर जातात याची गोष्टही भाच्याच्याच तोंडून ऐकलेली. शंभरेक वर्षांपूर्वी अमेरिकेत चार्ल्स केटरिंग नावाचा माणूस होता. मोटारीला सेल्फ स्टार्टर दिला तो यानंच. लोक म्हणू लागले, हा नॉक याच्या विजेच्या इग्निशनमुळेच होतो. आळ पुसायला त्यानं थॉमस मिजली या तरुण इंजिनिअराला कामाला लावलं. दोघांनी विचार केला: एका रानझाडाची पानं मागून लाल असतात आणि ते बर्फ वितळायच्या आत फुलतं, म्हणजे लाल रंग उष्णता धरून ठेवत असणार, तेव्हा पेट्रोल लाल करून बघू. लाल रंग हाताशी नव्हता म्हणून मिजलीनं आयोडीन ओतलं, आणि नॉक थांबला! मग खरेखुरे लाल रंग आणले. एकाचाही उपयोग झाला नाही. रीत साफ चूक आणि उत्तर बरोबर. शाळेत अशा पोराला मी शेजारच्याची वही दाखवायला सांगत असे. रंगाच्या बाबतीत आपलं सरकार जास्त व्यवहारी. पेट्रोलात रॉकेल मिसळलं की ऑक्टेन घसरतो आणि नॉक वाढतो, म्हणून रेशनच्या रॉकेलला निळा रंग दिला. तो रंग नॉक थांबवत नाही, भेसळ करणाऱ्याला पकडून देतो. निदान तशी अपेक्षा.

मिजलीनं पुढे टेल्युरियम घालून पाहिलं. नॉक थांबला, पण अंगाला लसणासारखा असा वास चिकटला की धुऊन जाईना. अखेर 9 डिसेंबर 1921 रोजी शिशाचं एक संयुग सापडलं. किंचित घातलं की नॉक गप्प. शिसं विष आहे हे तेव्हाही लोकांना ठाऊक होतं, पण किणकिण थांबली ना! आपल्या देशात शिशाचं पेट्रोल 1 फेब्रुवारी 2000 पासून बंद झालं आणि जगातला शेवटचा देश, अल्जीरिया, 2021 साली थांबला. बॉनेटखालचा एक आवाज ऐकू येऊ नये म्हणून माणूसजात शंभर वर्षं शिसं हुंगत होती. हे कळल्यापासून भाच्याच्या खर्चाकडे मी जरा प्रेमानं बघतो.

तर आकड्यांवरून भाच्याचा विश्वास उडाला. "सेन्सर खोटं बोलत असला तर?" त्याच्या वाचनात आलं होतं की शर्यतीच्या गाड्या ट्यून करणारे जुने लोक पडद्यावर विसंबत नाहीत, कानानं ऐकतात. त्यासाठी तांब्याची नळी घ्यायची, एक टोक ठोकून चपटं करायचं, त्याला भोक पाडून ते इंजिनाच्या ब्लॉकवर बोल्टनं आवळायचं. दुसऱ्या टोकाला रबरी पाइप लावून तो गाडीच्या आत आणायचा आणि कारखान्यात कानावर घालतात त्या मफमध्ये खुपसायचा. इंजिन थेट कानात. तांब्याची नळी फ्रिजवाल्याकडून आली, मफ भिवंडीच्या हार्डवेअरच्या दुकानातून. कान अर्थातच माझे.

पिवळे मफ, त्यातून निघालेला काळा पाइप, तो डॅशबोर्डखालून बॉनेटकडे गेलेला, अशा थाटात मी अंबाडी नाक्यावरून जाऊ लागलो. पहिल्या रविवारी माझ्या माजी विद्यार्थ्यांपैकी एकानं रिक्षा थांबवून भाच्याला विचारलं, "सरांना ऑक्सिजन लावलाय का?" वज्रेश्वरीला निघालेल्या बायकांच्या जीपमधून कुणीतरी मला हात जोडले. पुढे नाकाबंदीला हवालदारसाहेबांनी काच खाली घ्यायला लावली.

"हे काय आहे?"

मला काहीच ऐकू आलं नाही. म्हणजे इंजिन आलं, हवालदार नाही.

"साहेब, मामा इंजिन ऐकतायत," भाचा म्हणाला.

साहेबांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. "बोनेट उघडून ऐकलं तर चालत नाही का?"

"चालत्या गाडीचं ऐकायचंय."

"पीयूसी आहे?" त्यांनी विचारलं. तो होता, याचं त्यांनाही थोडं वाईट वाटलेलं दिसलं.

इंजिनाच्या आत केवढा कारभार चालतो याची ज्यांना कल्पना नाही त्यांनी तो नळीतून ऐकूच नये. इंजेक्टर टकटकतात, चेन सळसळते, टर्बो शीळ घालतो, पंप कण्हतो. कान त्या आवाजांना असे सोकावतात की गाडीतून उतरल्यावरही ऐकणं थांबत नाही. मी घरी मिक्सर ऐकू लागलो. पंखा ऐकू लागलो. त्याच्या बेअरिंगबद्दल माझं एक मत तयार झालं. रात्री बारा वाजता हिला उठवून म्हटलं, "फ्रिजचा कॉम्प्रेसर चालू होताना दोनदा अडखळतो, ऐक."

"अहो, तो अडखळत नाही, तुम्ही घोरता तेव्हा मी ऐकते का सगळं?" ती म्हणाली आणि कुशीवर वळली. तिच्या गुडघ्यातून एक टक् आवाज आला. तो मी नोंदवला नाही. संसार करायचा होता.

आणि मग एके दिवशी, अनगावच्या पुढे, चढावर, गाडी चौथ्या गिअरमध्ये कण्हत असताना, नळीतून स्पष्ट ऐकू आलं: टिंग. टिंग. टिंगटिंग.

"आला!" मी ओरडलो.

"नॉक?"

"टिंग!"

भाच्याचा चेहरा उतरला. फोनवर आकडा शून्य होता. सेन्सर म्हणतोय काही नाही, मामा म्हणतायत टिंग. लॅपटॉपवाल्याला फोन केला. तो म्हणाला, लॉग पाठवा. लॉग पाठवला, तो म्हणाला, लॉग स्वच्छ आहे, पण कमी आरपीएमला टर्बोवर लोड टाकला की सुपरनॉक नावाचा वेगळाच प्रकार होऊ शकतो, तो एका दणक्यात पिस्टन नेतो, तेव्हा सांभाळून. एवढं सांगून तो जेवायला गेला. आम्ही जेवलो नाही.

नाक्यावरच्या चहाच्या टपरीवर बातमी पोचायला वेळ लागला नाही. आपल्याकडे आजारी माणसाला औषध सांगणारे कमी पडतील, पण आजारी गाडीला कधीच नाही. एक म्हणाला, बेअरिंग. दुसरा म्हणाला, शॉकअप. त्याच्या मेहुण्याच्या गाडीचं म्हणे असंच होतं. मेहुण्याची गाडी ट्रॅक्टर होती हे नंतर कळलं. तिसऱ्यानं पाण्याच्या टँकरचं इंजिन चालू करून दाखवलं आणि म्हणाला, "ह्यापेक्षा मोठा आवाज येतो का? मग काय घाबरता?" डिझेल इंजिन जन्मतःच दणदण पेटतं, त्याचा न् पेट्रोलच्या नॉकचा संबंध नाही, हे भाचा त्याला सांगायला गेला; पण टँकरच्या आवाजात ते कुणालाच ऐकू गेलं नाही. चौथे एक ज्येष्ठ होते. त्यांनी एकच विचारलं, "गाडी घेतल्यावर देवीला नेली होती?"

नेली नव्हती. नेली. वसईच्या मोहिमेआधी चिमाजी आप्पांनी वज्रेश्वरीला नवस बोलला आणि 1739 साली किल्ला घेतल्यावर देवीचं तटबंदीचं देऊळ उभं राहिलं. जिनं पोर्तुगीज हलवले तिला एक टिंग जड नव्हतं. भाच्यानं नारळ वाढवला, मी अकलोलीच्या गरम कुंडात पाय सोडून बसलो. परत येताना चढावर पुन्हा: टिंग.

आता भाच्याला शास्त्रीय शंका आली. दोन साधनं दोन वेगळी उत्तरं देत असतील तर दोन्ही साधनं तपासली पाहिजेत. गाडीचा सेन्सर इंजिनात खोल बसवलेला, काढायला त्रासाचा. मी काढायला सोपा. त्यानं मला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरांनी मला काचेच्या खोलीत बसवलं, हेडफोन चढवले आणि आवाज आला की बटण दाबायला सांगितलं. हे काम माझ्या सवयीचं होतं. बाहेर आल्यावर त्यांनी आलेख दाखवला; उजवीकडे रेघ उताराला लागली होती. "वयाप्रमाणे ठीक आहे. उंच पट्टीचे आवाज आधी जातात. बोलणं नीट ऐकू येतंय, पण सहा हजार हर्ट्झच्या पुढचं जवळपास नाही."

भाचा हळूच खाली बसला. "डॉक्टर, सहा-सात हजारांवरचं यांना ऐकू येत नाही?"

"फार मोठं असेल तरच. का? रोजच्या जगण्यात काही अडत नाही."

"आमचं अडतं," भाचा म्हणाला. मग माझ्याकडे वळून, "म्हणजे मामा, नॉक ज्या पट्टीत असतो नेमकी तीच पट्टी तुमच्याकडे नाही! मग इतके दिवस तुम्ही ऐकत काय होतात?"

हा प्रश्न मला माझ्या नोकरीत इन्स्पेक्टरनंही विचारला नव्हता.

पण त्यातून एक गोष्ट निघाली. जो आवाज मला ऐकू येतो तो नॉक नसणार. मग टिंग काय आहे? गाडी शेवटी नाक्यावरच्या मिस्त्रीकडे गेली. तिथेच ती आधी जायला हवी होती, पण त्याच्याकडे लॅपटॉप नाही. त्याचा बाप भिवंडीत यंत्रमागावर जॉबर होता. शंभर मागांच्या खडखडाटात कुठल्या मागाचा धोटा चुकतोय हे तो दारातून सांगायचा म्हणतात. पोरानं एक लांब स्क्रूड्रायव्हर उचलला, मूठ कानाच्या हाडाला टेकवली, टोक ब्लॉकवर ठेवलं आणि भाच्याला म्हणाला, "रेस कर." मग टोक पंपावर, मग कव्हरवर. मग त्याची नजर तांब्याच्या नळीवर गेली. त्यानं ती दोन बोटांत धरली. टिंग थांबलं. सोडली. टिंग.

"मामा, गारी एकदम चांगली हाय. ही तुमची नली पत्र्याला वाजतंय."

एक्झॉस्टची उष्णता अडवणारा पत्रा आणि आमची नळी यांत इंजिन हललं की एवढीशी भेट होत होती. मिस्त्रीनं नळी सोडवली, रेस दिली. कुठे काही नाही.

"चौथा टाकून चढावर नको चढवू," तो भाच्याला म्हणाला. "तिसरा टाक. इंजिनला दम खायला दे."

भाच्याचं समाधान झालं नव्हतं. "पण दादा, नळी काढली तर नॉक होतोय की नाही हे कळणार कसं?"

"होत असंल तं कलंल."

"कसं पण?"

"गारी बंद परंल."

पैसे किती म्हणून विचारलं तर त्यानं हात हलवला, नळी मात्र ठेवून घेतली. तांब्याला हल्ली भाव चांगला आहे.

ही गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती. पण भाच्यानं आता विजेवर चालणारा मायक्रोफोन मागवलाय. तो म्हणे नॉकची पट्टी तेवढी वेगळी काढून मोठी करतो, पत्र्याला लागत नाही आणि वयाचा संबंध येत नाही. माझ्या जागी त्याला नवा माणूस हवा आहे. कान तरुण असावेत, नजर चांगली असावी, खड्ड्यात फोन हातातून सुटू नये आणि सांगलीच्या पाहुण्यांशी वाद घालू नये, एवढ्याच अटी. इच्छुकांनी कुठल्याही रविवारी पहाटे अंबाडी नाक्यावर चहाच्या टपरीशी यावं. चहा मी पाजीन, मफ फुकट देईन. परत नेण्याची हमी मात्र भाचा देईल तीच.